चवथीच्या आदल्या संध्याकाळची धाप: एक प्रकरण अभ्यास

गोव्यातील साखळीजवळच्या एका गावात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या शिक्षिकेला चवथीला (गणेश चतुर्थीला) दोन दिवस उरले असताना संध्याकाळी अचानक धाप लागली. अर्ध्या तासात ती ओसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तपासणी झाली, औषधे मिळाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच संध्याकाळी, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधण्याची लगबग चालू असताना, त्यांना १०८ च्या रुग्णवाहिकेतून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागले. पायातील शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली होती. या आजाराला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते अभ्यासासाठी उभे केले आहे. त्यातून मांडायचा मुद्दा मात्र एकच आहे. अचानक लागलेल्या धापेचे कारण शोधताना छातीच्या तपासणीइतकीच, कित्येकदा तिच्याहून जास्त, मदत रुग्णाच्या मागच्या महिनाभराच्या हकिगतीची होते, आणि ती हकिगत डॉक्टरांपर्यंत पोचवण्याचे काम बहुतेक वेळा घरच्यांनाच करावे लागते.

पार्श्वभूमी

बाई सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात. उंचीच्या मानाने वजन जास्त आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार नाही, दमा कधीच नव्हता आणि तंबाखूचे व्यसनही नाही. ऑगस्टमधल्या पावसात परसातील चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले होते, त्यावरून पाय घसरून त्यांच्या उजव्या घोट्याचे हाड मोडले. हाड जागचे हललेले नसल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली नाही. गुडघ्याखाली प्लॅस्टर घालून सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही, असे सांगण्यात आले. धाप लागली तेव्हा प्लॅस्टरला तीन आठवडे होऊन गेले होते.

रक्त गोठू नये म्हणून त्यांना इंजेक्शने दिली गेली नव्हती, आणि त्यात हलगर्जीपणा शोधणे योग्य होणार नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गुडघ्याखाली प्लॅस्टर असलेल्या सुमारे दीड हजार रुग्णांपैकी निम्म्यांना अशी इंजेक्शने देऊन पाहिली होती. तीन महिन्यांत त्रास देणारी गुठळी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १.४ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १.८ टक्के जणांना झाली, म्हणजे सरसकट इंजेक्शन देऊन फायदा झाला असे म्हणता येईल इतका फरक आढळला नाही. म्हणूनच ज्यांच्यात धोका वाढवणारे आणखी काही असेल त्यांचाच स्वतंत्र विचार केला जातो. बाईंच्या बाबतीत प्लॅस्टर घालताना वजनाखेरीज तसे काही नव्हते. ते नंतर आले.

चवथीला मूळ घरी सगळे भाऊ, त्यांच्या बायका, मुले जमतात आणि स्वयंपाकघर व देवघर यांत सोवळ्याची शिस्त पाळली जाते. पाळी त्याच दिवसांत येणार असल्याचे लक्षात आल्यावर बाईंनी ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून आणवल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असते आणि ती सहसा ५ मिलिग्रॅमची एक अशी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्यायची असते. बाईंनी काही राहून जायला नको म्हणून आठवडाभर आधीपासूनच ती सुरू केली. आदल्या वर्षी याच गोळ्यांनी काही त्रास झाला नव्हता, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. फक्त आदल्या वर्षी त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये नव्हता. अशा गोळ्या घ्याव्यात की नाही, प्रथा पाळावी की नाही, हा येथे चर्चेचा विषय नाही. गोळी घेतली आहे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते, हा या प्रकरणाचा भाग आहे.

नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखे (हॉर्मोनसारखे) काम करणारे औषध. पण शरीरात गेल्यावर त्याचा थोडा अंश इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाच्या एका प्रकारात, बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम गोळी घेतली तर हा अंश संततिनियमनाच्या संयुक्त गोळीतील २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचा होऊ शकतो, आणि इस्ट्रोजेन रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. निरोगी, हिंडत्याफिरत्या स्त्रीला काही दिवसांच्या गोळ्यांनी होणारा धोका लहानच असतो. तोच धोका एका जागी खिळलेल्या पायाला आणि वाढलेल्या वजनाला येऊन मिळाला, की हिशेब बदलतो.

धाप लागण्याआधी चार-पाच दिवसांपासून प्लॅस्टरच्या आत पोटरी ठसठसत होती आणि पायाची बोटे सुजलेली वाटत होती. प्लॅस्टर आवळत असेल असे सगळ्यांनी गृहीत धरले. सासूबाईंनी गुडघ्याला कोमट खोबरेल तेल लावून हात वर-खाली फिरवायचा विचार बोलून दाखवला होता, पण कामाच्या गडबडीत ते राहून गेले, हे बरेच झाले. खोल शिरेत गुठळी असताना पाय चोळणे टाळायला हवे.

पहिली संध्याकाळ

बाई वॉकर घेऊन न्हाणीघराकडे गेल्या आणि परतताना दारातच थांबल्या. श्वास पुरेना, छातीच्या उजव्या बाजूला खोल श्वास घेताना टोचल्यासारखी कळ येऊ लागली आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांना खुर्चीवर बसवून वारा घातला. ‘सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, पित्त झालं असणार,’ असे म्हणत सासूबाईंनी कोकमाचे सरबत दिले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर शोधून आणला. त्यावर वरच्या ओळीत ९४ आणि खालच्या ओळीत ११८ आकडा आला. ‘चौऱ्याण्णव आहे म्हणजे ठीक आहे,’ असे दिरांनी सांगितले आणि खालच्या आकड्याकडे कोणी पाहिले नाही.

ऑक्सिमीटरचा वरचा आकडा रक्तातील प्राणवायूची टक्केवारी दाखवतो. निरोगी माणसात ती ९५ ते १०० असते. खालचा आकडा नाडीचा असतो. विश्रांतीत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी. अर्धा तास खुर्चीवर बसून राहिलेल्या, ताप नसलेल्या स्त्रीची नाडी ११८ राहते, याचा अर्थ तिचे शरीर कशाची तरी भरपाई करण्यासाठी धडपडत आहे. शिवाय ९४ हा आकडाही दिलासा देणारा नव्हता, कारण दमा किंवा जुना फुप्फुसविकार नसलेल्या माणसात तो कमीच म्हणायचा. पल्मनरी एम्बॉलिझमच्या काही रुग्णांत तर सुरुवातीला प्राणवायूची पातळी पूर्णपणे सामान्यही असते. उलट बाजूने, बोटे गार असली, नखांवर रंग किंवा मेंदी असली, तर यंत्र चुकीचा कमी आकडाही दाखवते. त्यामुळे यंत्राने चांगला आकडा दिला म्हणून लक्षण खोटे ठरत नाही. माणसाला दम लागतो आहे, ही गोष्ट यंत्राच्या वरची आहे.

रात्री बाईंना बरे वाटले आणि हाच या आजाराचा सर्वांत फसवा भाग होय. पहिली गुठळी लहान असते. ती फुप्फुसातील मोठ्या फांदीत क्षणभर अडते, तुटते, पुढे बारीक फांद्यांत सरकते आणि मुख्य वाट पुन्हा काही प्रमाणात मोकळी होते. रुग्णाला वाटते, आले तसे गेले. पायातील शिरेत मात्र मूळ गुठळी तशीच असते आणि वाढतही असते. अचानक धाप लागून, अंधारी येऊन नंतर आपोआप ओसरली, तर त्या ओसरण्यावर विसंबू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दवाखान्यातील सकाळ

दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात बाईंना तपासण्यात आले. रक्तदाब १३०/८४, नाडी ११२, ताप नाही, दोन्ही बाजूंची छाती स्वच्छ, घरघर किंवा शिटीसारखा आवाज नाही. ईसीजीमध्ये ठोके जलद असण्याखेरीज काही दिसले नाही. सणाची दगदग, उपाशी पोट आणि मनावरचा ताण यांमुळे घबराट व आम्लपित्त झाले असावे, असे ठरवून गोळ्या दिल्या गेल्या.

छाती स्वच्छ आणि ईसीजी जवळजवळ सामान्य असताना धाप लागते, ही गोष्ट धीर देणारी वाटते. वस्तुतः ती संशय वाढवणारी आहे. दम्यात शिट्ट्या ऐकू येतात, न्यूमोनियात व फुप्फुसात पाणी साचल्यावर बुडबुड्यांसारखे आवाज येतात. पल्मनरी एम्बॉलिझममध्ये श्वासनलिका आणि वायुकोश बहुधा मोकळे असतात. बंद पडलेली असते ती रक्ताची वाट. त्यामुळे स्टेथोस्कोपला आणि पुष्कळदा छातीच्या एक्स-रेलाही ठळक असे काही सापडत नाही, आणि ईसीजीमधील सर्वांत नेहमीचा बदल म्हणजे ठोक्यांची वाढलेली गती, इतकाच असतो.

प्लॅस्टर तर समोरच दिसत होते. परंतु रुग्ण धापेसाठी आलेली होती आणि प्लॅस्टर हा हाडांच्या डॉक्टरांचा विषय, अशी वाटणी तपासणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या मनात न बोलता झाली असावी. ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला बाईंनी ‘कॅल्शियमच्या गोळ्या आणि वेदनाशामक’ असे उत्तर दिले. शेजारी नवरा आणि सासूबाई बसल्या होत्या. पाळीच्या गोळ्या बाईंना औषध वाटल्या नाहीत, आणि वाटल्या असत्या तरी त्या सर्वांसमोर बोलल्या असत्या की नाही, याची शंका आहे. पोटरीच्या ठसठशीविषयी कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

घबराटीने धाप लागत नाही असे नाही. भीतीने श्वास जलद चालू लागतो, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हात वळतात. पण हे निदान इतर शक्यता तपासून बाजूला सारल्यानंतर करायचे असते, कारण प्राणवायू कमी पडू लागला की माणूस घाबरतोच.

दुसरी संध्याकाळ आणि बांबोळी

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बाई खुर्चीवरून उठू लागल्या आणि कोसळल्या. शुद्ध काही क्षणांत परत आली, परंतु एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर झाले आणि अंगाला दरदरून घाम फुटला. ऑक्सिमीटरवर ८६ आणि १३२ आकडे आले. या वेळी मुलीने कोणाला न विचारता १०८ क्रमांक लावला, धापेबरोबरच आईच्या पायाला प्लॅस्टर असल्याचे सांगितले, आणि चुलतभावाला देवळाजवळच्या फाट्यावर रुग्णवाहिकेची वाट पाहायला उभे केले. घरातील पुरुषमंडळी बाईंना हाताला धरून रस्त्यापर्यंत चालवत नेण्याच्या तयारीत होती. मुलीने ते होऊ दिले नाही. अशा अवस्थेत टाकलेली दहा पावलेही हृदयावर भार टाकतात. रुग्णाला पाठ टेकवून, अर्धवट बसते ठेवावे, कपडे सैल करावेत, खायला-प्यायला काही देऊ नये आणि स्ट्रेचर किंवा खुर्ची दारापर्यंत येऊ द्यावी. शुद्ध हरपून पुन्हा लगेच आली नाही, तर मात्र आडवे करून श्वास चालू आहे का ते पाहावे लागते.

स्वतःच्या गाडीने निघालो असतो तर लवकर पोचलो असतो का, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात नंतर निघतो. साखळीहून आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असा रस्ता आणि त्यावर चवथीच्या आदल्या संध्याकाळची वर्दळ लक्षात घेता, वाटेत प्राणवायू देऊ शकणारे आणि श्वास थांबल्यास काय करायचे ते जाणणारे माणूस सोबत असणे, हे वाचणाऱ्या चार मिनिटांपेक्षा मोलाचे आहे. रुग्णवाहिका येण्यास फारच उशीर होणार असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन प्राणवायू चालू करून घ्यावा आणि तेथून पुढे पाठवणी व्हावी.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर श्वासाची गती मिनिटाला ३२ होती (सामान्य १२ ते २०), रक्तदाब ९८/६४, नाडी १३०, आणि प्राणवायूच्या मास्कवर पातळी ९३ पर्यंत आली. निवासी डॉक्टरांनी प्लॅस्टर किती दिवसांचे आहे ते विचारले आणि मग नवऱ्याला व दिरांना बाहेर थांबायला सांगून बाईंना थेट प्रश्न केला: ‘पाळीसाठी किंवा पाळी पुढे ढकलण्यासाठी काही गोळ्या घेताय का?’ बाईंनी मान हलवली. गोळ्यांची पट्टी मुलीला त्यांच्या पर्समध्ये सापडली. प्लॅस्टर कापल्यावर उजवी पोटरी डाव्या पोटरीपेक्षा स्पष्टपणे सुजलेली आणि दाबल्यावर दुखरी आढळली.

येथे वेल्स यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणांची पद्धत उपयोगी पडते. पायातील खोल शिरेत गुठळी असल्याची चिन्हे असतील तर ३ गुण, दुसरे कोणतेही निदान याहून अधिक संभवनीय वाटत नसेल तर ३, नाडी १०० च्या वर असेल तर दीड, मागच्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा तीन दिवसांहून अधिक एका जागी पडून राहणे असेल तर दीड, पूर्वी अशी गुठळी झालेली असेल तर दीड, खोकल्यातून रक्त किंवा कर्करोग असेल तर प्रत्येकी एक. बेरीज ४ च्या वर गेली की पल्मनरी एम्बॉलिझम असण्याची शक्यता मोठी मानतात. बाईंची बेरीज ९ झाली. म्हणूनच डी-डायमर ही रक्ततपासणी करण्यात वेळ घालवला नाही. ती तपासणी शक्यता कमी असताना, हा आजार नाही अशी खात्री करून घेण्यासाठी वापरायची असते. शक्यता मोठी असताना तिचा निकाल काहीही आला तरी स्कॅन करावाच लागतो. जंतुसंसर्ग, बाळंतपण, शस्त्रक्रिया, वाढते वय अशा कितीतरी कारणांनी तिचा आकडा वाढलेला असतो.

स्कॅनची वाट न पाहता हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू केले गेले. खाटेजवळच केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला दिसला, नव्या ईसीजीमध्ये त्या कप्प्यावरील ताणाच्या खुणा होत्या आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले होते. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, दोन्ही फुप्फुसांकडे जाणाऱ्या मुख्य शाखांत गुठळ्या आढळल्या.

शरीरात नेमके काय घडले

रक्त शिरेत का गोठते, याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातील जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाशी जोडलेली आहेत: रक्ताचा संथ झालेला प्रवाह, रक्तवाहिनीच्या भिंतीला झालेली इजा आणि रक्ताचीच गोठण्याकडे वाढलेली ओढ. पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि प्लॅस्टरमध्ये ते नीट आकुंचन पावत नाहीत. हाड मोडताना आजूबाजूच्या शिरांनाही मार लागतो. तिसरे कारण गोळ्यांनी पुरवले. एकट्या कोणत्याही कारणाने कदाचित काही झाले नसते.

सुटलेली गुठळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तेथून फुप्फुसाच्या धमनीत जाते. फुप्फुसाच्या त्या भागात हवा येत राहते, पण प्राणवायू उचलून न्यायला रक्तच पोचत नाही. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. कमी दाबावर रक्त ढकलायची त्याला सवय असते. पुढची वाट अचानक तुंबली की तो फुगतो, डाव्या कप्प्याकडे पुरेसे रक्त पाठवू शकत नाही, रक्तदाब खाली येतो आणि माणूस कोसळतो. गुठळी फुप्फुसाच्या कडेच्या बारीक फांदीत अडकली तर तेथील आवरणाला दाह होऊन श्वासाबरोबर टोचणारी कळ येते. बाईंना पहिल्या संध्याकाळी आली होती ती हीच.

दुसरे काय असू शकले असते

धापेची सुरुवात कशी झाली, क्षणात की तासांत की दिवसांत, एवढ्या एका उत्तराने यादी बरीच आकसते. क्षणात आलेल्या धापेत फुप्फुसातील गुठळीबरोबर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरणे, घशात घास किंवा वस्तू अडकणे, हृदयाचे ठोके एकदम अनियमित होणे आणि हृदयविकाराचा झटका यांचा विचार होतो. उंच, सडपातळ तरुणाला एका बाजूला एकाएकी कळ येऊन दम लागला तर छिद्राचा संशय आधी घ्यावा. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, विशेषतः स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत. त्यांच्यात धाप आणि घाम हीच त्याची लक्षणे असू शकतात. कोळंबी, कुर्ल्या किंवा एखादे औषध पोटात गेल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठून ओठ सुजले आणि श्वास कोंडला तर ती तीव्र ॲलर्जी असते आणि तेथे मिनिटे मोजावी लागतात.

तासांत वाढणारी धाप दम्याची किंवा हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी साचल्याची असते. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला आडवे होता येत नाही आणि खोकल्यातून फेसाळ, कधी गुलाबीसर थुंकी पडते. दिवसांत वाढणारी, ताप व खोकल्यासह येणारी धाप न्यूमोनियाकडे बोट दाखवते. पावसाळ्यात भातशेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात वावरणाऱ्या माणसाला ताप येऊन दम लागला तर लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्गही आठवावा लागतो. एक गोष्ट येथील खेड्यांसाठी मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटते: पावसाळी रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, जड झालेल्या पापण्या आणि श्वास घेता न येणे अशी तक्रार घेऊन उठला, तर अंगावर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यार चावली असण्याची शक्यता असते. तिच्या विषाने श्वासाचे स्नायूच लुळे पडतात.

केव्हा निघावे

विश्रांतीतही लागणारी धाप, वाक्य पुरे करता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, छातीत दुखणे, अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे, गोंधळल्यासारखे बोलणे, खोकल्यातून रक्त, चेहऱ्यावर सूज: यांपैकी एकही असेल तर १०८ लावावा, दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. ऑक्सिमीटर घरात असेल आणि आकडा ९२ च्या खाली राहत असेल तर तेही पुरेसे कारण आहे. आणि धाप सौम्य असली, येऊन गेलेली असली, पण मागच्या काही आठवड्यांत प्लॅस्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अंथरुणाला खिळणे किंवा कित्येक तासांचा बैठा प्रवास झालेला असेल, संप्रेरकांच्या (पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा संततिनियमनाच्या) गोळ्या चालू असतील, कर्करोगावर उपचार चालू असतील, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

चढ चढताना पूर्वी न लागणारा दम हळूहळू लागू लागणे, दोन्ही पायांवर सूज येणे, रात्री श्वास कोंडून जाग येणे यांसाठी रुग्णवाहिका लागत नाही, पण एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. रक्तातील हिमोग्लोबिन उतरल्यानेही असे होते आणि स्त्रियांत ते पुष्कळदा दुर्लक्षित राहते. दमेकऱ्याला नेहमीच्या पंपाने आराम पडेनासा झाला तर मात्र तो पहिल्या गटात मोडतो.

सोबत जाणाऱ्याने चार गोष्टी आपणहून सांगाव्यात: धाप नेमकी केव्हा आणि काय करत असताना सुरू झाली, मागच्या महिन्यात शरीराच्या बाबतीत काय काय घडले, घरात असलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी, मग ती औषध वाटो वा न वाटो, आणि असे याआधी रुग्णाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला झाले होते का. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे, असे रुग्णाने म्हणण्यात काहीच वावगे नाही.

उपचार आणि पुढचे महिने

गुठळी विरघळवणारे औषध देण्याची तयारी केली होती, पण ते दिले गेले नाही. रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली जाऊन टिकला तर ते द्यावे लागते. त्यात मेंदूत किंवा अन्यत्र गंभीर रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि म्हणून तो केवळ धापेसाठी पत्करत नाहीत. बाईंचा दाब ९० च्या वरच राहिला. शिरेतून थेंबाथेंबाने चालू ठेवलेले हेपॅरिन निवडण्याचे कारणही हेच होते, की गरज पडल्यास ते बंद करताच त्याचा परिणाम लवकर उतरतो. पहिले दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. हेपॅरिन आधीची गुठळी विरघळवत नाही. ते नवी होऊ देत नाही आणि जुनी वाढू देत नाही, तेवढ्यात शरीर स्वतःच ती हळूहळू मोडून काढते.

अपेक्षित असलेली एक अडचण तिसऱ्या दिवशी उभी राहिली. पाळीच्या गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येतेच, आणि येथे ती रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर आली. रक्तस्राव इतका झाला की हिमोग्लोबिन १०.४ वरून ८.८ वर उतरले. अशा वेळी नेहमी वापरले जाणारे रक्तस्राव थांबवणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड गुठळीच्या रुग्णाला ताज्या अवस्थेत देणे टाळतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लक्ष ठेवून, लोहाची पूर्तता करून हे दिवस निभावून नेले आणि मुख्य औषध थांबवावे लागले नाही.

आठवड्याभराने बाई घरी आल्या त्या तोंडाने घ्यायच्या औषधावर. त्याची मात्रा पहिले तीन आठवडे जास्त आणि नंतर दिवसातून एकदा अशी होती, आणि गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती. एकही दिवस चुकवू नये, दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, शौच काळे पडले किंवा डोक्याला मार लागला तर लगेच यावे, असे त्यांना लिहून देण्यात आले. प्लॅस्टरऐवजी काढता-घालता येणारा बूट दिला गेला, म्हणजे घोट्याची हालचाल आणि पोटरीचा व्यायाम सुरू करता येईल.

कारण तात्पुरते असल्यामुळे उपचार तीन महिन्यांचा ठरला. तीन महिन्यांनी बाई शाळेचा जिना न थांबता चढत होत्या आणि इकोमध्ये उजवा कप्पा पूर्ववत झाला होता. काही रुग्णांत गुठळीचा भाग विरघळत नाही आणि फुप्फुसातील दाब कायमचा वाढतो, म्हणून तीन महिन्यांनंतरही दम उरला असता तर त्याचा शोध घेतला गेला असता. औषध बंद करताना त्यांच्या कागदांवर दोन नोंदी ठळक करण्यात आल्या: इस्ट्रोजेन असलेली किंवा शरीरात इस्ट्रोजेन तयार करणारी कोणतीही गोळी देऊ नये, आणि पुढे कधी प्लॅस्टर किंवा शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर गुठळी टाळण्याच्या इंजेक्शनांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हावा. मुलीने त्याच भेटीत स्वतःविषयी विचारले. आईची गुठळी तात्पुरत्या कारणाने झाली असल्यामुळे तिच्या रक्ताची वेगळी तपासणी आज आवश्यक नाही, पण संप्रेरकांची कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी ही हकिगत डॉक्टरांना सांगावी, असे तिला सांगण्यात आले.